पंधरवडा संपेपर्यंत

रेडमंड, २८ सप्टेंबर २०२५
रविवार

काका,

आधी पाया पडतो. हे पत्र घरी न पाठवता तुमच्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवतोय. घरची टपालपेटी आत्या उघडते आणि तुमची ईमेल तुमचं खुब्याचं हाड मोडल्यापासून मीच उघडत होतो, म्हणून हा तिसरा रस्ता. तुम्ही एक तारखेपासून वॉकर घेऊन ऑफिसला जाणार होतात, तेव्हा तुमच्या टेबलावरच पडेल. फोनवर मला जमत नाही. तुम्ही "हं, बोल" म्हणता आणि माझ्या तोंडातलं सगळं वाळून जातं. दहावी नापास माणसाचं पत्र आहे, चुका सोडून द्या.

मी न सांगता आलो. मंगळवारी तुम्हाला फिजिओला नेलं, परत आणलं, भाकरी कुस्करून दिली, तुम्ही आडवे झालात आणि मी बस पकडली. आत्यासाठी फ्रिजवर चिठ्ठी लावली होती, काम मिळालंय, जातो. दोन रात्री बसमध्ये होतो. बाहेर काय काय दिसलं ते आठवत नाही.

इथे राऊलकडे आहे. आपल्या ब्लूमिंग्टनच्या टाईलवाल्या कंपनीत माझ्याबरोबर होता तो, जाडा, सारखा गाणं म्हणणारा. त्याने इथे स्वतःचं काम सुरू केलंय. सॉफ्टवेअरवाल्यांच्या बिल्डिंगी आहेत, त्यांची बाथरूम फोडायची आणि नवी करायची. चांगली असतात हो, तरी फोडतात. पाऊस सारखा चालू असतो, पण जोर नाही त्याला. आम्ही एका घरात पाच जण राहतो. मला स्वयंपाक येतो म्हणून मला भांडी घासावी लागत नाहीत.

आत्या म्हणेल, याच्या पायाला भिंगरीच आहे. बरोबर आहे तिचं. तिने ग्रीन कार्डचे पेपर भरले म्हणून चौदा वर्षांनी आमचा नंबर लागला, बाबा आले आणि थंडी बघून आठ महिन्यांत इचलकरंजीला परत गेले. मी राहिलो. चार वर्षांत गॅस स्टेशन केलं, पटेलांचं दुकान केलं, गोदाम केलं, टाईल केलं. एवढ्या सगळ्यात तुम्ही एकदाही "आता तरी एका जागी बस" म्हणाला नाहीत. ते माझ्या लक्षात आहे.

लोरेन मॅडमच्या फेलोशिपचं काय झालं? काही मार्ग निघाला का? तुम्ही म्हणत होतात की साइटने तुमचं शिफारसपत्र खाल्लं. फाउंडेशनच्या ऑफिसला फोन करणार होतात.

गोळी जेवणानंतर घ्या, आधी नाही.

तुमचा
संग्राम


रेडमंड, ५ ऑक्टोबर २०२५

काका,

तुमचं उत्तर येण्याआधीच दुसरं लिहितोय.

लोरेन मॅडमनी काल त्यांच्या बाथरूमचा फोटो पाठवला. मी केलेलं, मागच्या महिन्यातलं. खाली लिहिलं होतं, छान झालंय, हल्ली मला इथे बसायला वेळच वेळ आहे. मी विचारलं, पत्राचं काय? त्यांनी लांब मेसेज केला. मी तो राऊलच्या मुलीकडून दोनदा वाचून घेतला, नीट कळावं म्हणून.

फाउंडेशनचे लोक म्हणतात, आमच्याकडे कुठलंही पत्र टाकायचा प्रयत्न झालेलासुद्धा दिसत नाही. म्हणजे साइट बिघडली असती तर तिथे काहीतरी खूण राहिली असती. तशी खूण नाही. पण त्यांच्या नियमात एक आहे. अर्ज करणाऱ्याची चूक नसून कॉलेजच्या बाजूने राहून गेलं असेल, आणि विभागप्रमुखाने, म्हणजे तुम्ही, तसं सहीनिशी लिहून दिलं, तर ३१ ऑक्टोबरपर्यंत ते पत्र घेतात. तुम्ही मात्र लिहिलंय, तांत्रिक अडचण, कारण अज्ञात. त्याने त्यांचं भागत नाही. आणि लोरेन मॅडम खोटं बोलतात की काय असं त्यांना वाटायला लागलंय.

काका, साइटने काही खाल्लं नाही. ते पत्र गेलंच नव्हतं. मी विसरलो.

तुम्ही आठ तारखेला सोमवारी सही करून कागद माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, आजच टाक. मी फोनने त्याचा फोटो काढला, मग काहीतरी निघालं आणि राहून गेलं. १९ तारखेला रात्री तुम्ही विचारलंत तेव्हा घाबरून म्हटलं, मी कधीच टाकलंय.

ते पत्र काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून विसरलो हे लिहायला लाज वाटायला हवी. पलंगावर बसून, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप, दोन दिवस लिहीत होतात. मध्ये मध्ये मला मराठीत सांगत होतात, ऐक रे, कसं झालंय. "या बाईने अकरा वर्षं या विभागाचं ओझं वाहिलं आहे, आणि त्यातलं बरंचसं मी तिच्या पाठीवर ठेवलेलं आहे." हे वाक्य तुम्ही खोडलंत आणि परत लिहिलंत.

मी विचारलं होतं, ही फेलोशिप फक्त ब्लॅक गणितवाल्यांनाच का? तेही नव्या पोरांना नाही, मधल्यांनाच?

तुम्ही म्हणालात, "सुरुवातीला सगळे हात देतात. वर पोचलं की हार घालतात. मधल्या माणसाला कुणी विचारत नाही. आणि मधला माणूस ब्लॅक असला की त्याला प्रत्येक कमिटीवर बसवतात. प्रत्येक ब्लॅक पोरगं रडायला त्याच्याच खोलीत येतं. माहितीपत्रकात फोटो त्याचाच. गणित करायचं कधी?"

"आणि तुम्ही नाही बसवलं त्यांना कमिटीवर?"

तुम्ही हसलात. मोडलेल्या हाडामुळे तुम्हाला हसताना दुखत होतं. "मीच बसवलं. सातच्या सात कमिट्यांवर."

वर्षाला सहा जणांना मिळते, नऊ महिने शिकवायचं नाही, मीटिंग नाही, फक्त आपलं काम. पीएचडीनंतर वीस वर्षांच्या आत असलेल्यांनाच. लोरेन मॅडमचं हे विसावं. पुढच्या वर्षी त्यांना अर्ज करता येणार नाही. हे तुम्हीच मला सांगितलंय, मी नवीन काही सांगत नाही. फक्त लिहून ठेवतोय.

तेव्हा तुम्ही असं लिहा की माझ्या घरातल्या माणसाकडे पाठवायला दिलं होतं, त्याच्याकडून राहिलं. माझं नाव घाला. माझं काय जातंय, मी टाईल बसवतो.

संग्राम


रेडमंड, १९ ऑक्टोबर २०२५

काका,

बारा तारखेला तुमचा मेसेज आला. "पत्र मिळालं. याबद्दल पुन्हा लिहू नकोस. बघतो मी."

मी सहा दिवस थांबलो. बघतो मी म्हटल्यावर तुम्ही बघताच, म्हणून थांबलो. काल लोरेन मॅडमना विचारलं, काकांनी काही पाठवलं का. त्या म्हणाल्या, मंगळवारी भेटला होता चारू, परत तेच म्हणाला, पोर्टलचा घोळ आहे, माझ्या हातात काही नाही. मंगळवार म्हणजे चौदा तारीख. मी बोटांवर मोजलं.

तेव्हा मला वाटलं, मी अर्धंच सांगितलं म्हणून तुम्हालाही अर्धंच वाटलं असेल. विसरलो म्हणणाऱ्या पोराला सांभाळून घ्यावं असं वाटलं असेल. म्हणून आता पूर्ण लिहितो. उद्या दिवाळी आहे, पण पुढच्या रविवारपर्यंत थांबलो तर उशीर होईल, म्हणून हे जास्तीचं टपाल भरून पाठवतोय.

मी विसरलो नव्हतो. आठ तारखेला मी ओट्यापाशी उभा राहून फोनमधून ते टाकतच होतो. आत्या शेंगा मोडत होती.

"काय रे ते?"

"लोरेन मॅडमचं पत्र. काकांनी टाकायला दिलंय."

"आज? अरे, आज पंधरवडा लागला. परवा गणपती गेले, काल पौर्णिमा होती. कालपर्यंत टाकायचं होतंत की."

"आत्या, त्या ब्लॅक आहेत. त्यांना कुठला पितृपंधरवडा?"

"काम तिचं, पण सही कुणाची? निघतंय कुणाच्या घरातून? नीलने घराचे कागद याच दिवसांत केले. मी सांगून सांगून थकले. मॉम, इट्स अ कॅलेंडर, म्हणाला मला. वर्षात घटस्फोट. तिच्या आयुष्याचं काम आहे हे, बिचारीचं. चांगल्या दिवशी निघू दे. घटस्थापनेला सकाळी आंघोळ कर आणि टाक."

"घटस्थापना बावीसला आहे. इथे लिहिलंय, एकोणीस शेवटची."

"इथे प्रत्येकाला ग्रेस असतो रे. विजेचं बिल बघ, लायब्ररीची पुस्तकं बघ. आणि प्रोफेसरचं पत्र आहे, कोण नाही म्हणणार आहे?"

"काकांना विचारू?"

"त्यांना कशाला? हसतील आणि टाक म्हणतील. त्यांचं काय जातंय, निस्तरायला मी आहे."

हे सगळं ती प्रेमाने बोलत होती. लोरेन मॅडम घरी आल्या की आत्या त्यांच्यासाठी साबुदाणा वडे तळते आणि डबा भरून देते, "घे गं पोरी" म्हणते. सत्तेचाळीस वर्षांची पोरगी. तिला वाईट करायचं असतं तर मला निदान राग तरी आला असता.

एक बटण होतं. मी दाबलं नाही. का नाही, याचा मी खूप विचार केलाय आणि मला काही सापडत नाही. तिच्या घरात चार वर्षं जेवलो, तिला नाही म्हणायची सवयच नव्हती. आणि खरं लिहायचं तर थोडी भीती मलाही वाटली. बाबांनी मला लहानपणी या दिवसांत नवी चड्डीसुद्धा घेतली नाही.

आता पुढचं. हे कुणालाच माहीत नाही, आत्यालाही नाही.

सोळा तारखेला लोरेन मॅडमची तुम्हाला मेल आली. चारू, साइटवर तुझं पत्र अजून दिसत नाही, एकदा बघशील का. तुम्ही दुखण्याच्या गोळीने झोपला होतात. मी तुमच्या नावाने उत्तर दिलं. "डन. डोन्ट वरी." तुम्ही लिहिता तसंच, खाली नुसता सी. मला वाटलं, बावीसला टाकायचंच आहे, सहा दिवसांचा प्रश्न आहे. त्या डनमुळे त्या निवांत राहिल्या. नाहीतर तेव्हाच गाडी काढून घरी आल्या असत्या.

एकोणीसला शुक्रवार होता. मी त्यांच्याच बाथरूममध्ये होतो, तो शेवटचा दिवस, फटी भरून पुसत होतो. आदल्या दिवशी त्यांनी मला त्यांचं काम समजावलं होतं. उरलेले तुकडे माझ्या बादलीच्या झाकणावर मांडले आणि म्हणाल्या, "समजा तुला भिंत नसलेली खोली दिली. संपतच नाही अशी. आणि अट घातली की नक्षी पुन्हा तशीच यायला नको, कधीच. किती प्रकारच्या टाईल लागतील तुला?"

मी म्हटलं, "मॅडम, भिंत नसेल तर मी सुरुवात कुठून करणार? आम्ही भिंत बघून मधली रेघ मारतो."

त्या इतक्या हसल्या की टबच्या काठावर बसल्या. म्हणाल्या, "नऊ वर्षं मी हेच शोधतेय. सुरुवात कुठून करायची. थोडं सापडलंय. आता मला फक्त कुणी काही विचारू नये, काही महिने." मग फोन वाजला आणि कुठल्या तरी मीटिंगला गेल्या.

त्या शुक्रवारी त्यांचा तास नव्हता. दुपारी साडेतीनला त्यांनी बाहेरच्या खोलीतून आपल्या घरी फोन लावला. आत्याने उचलला असणार, कारण मॅडम म्हणत होत्या, "नो नो, त्याला झोपू दे, सुनेत्रा. पण उठला की प्लीज सांग, पाचला बंद होतंय." दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं. पत्राचा फोटो माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. तुमचं अकाउंट त्यातच उघडं होतं. दीड तास होता.

मी स्पंज धुतला. पिळला. परत धुतला. तोवर सव्वाचार झाले असतील. मला वाटत होतं आता मी उठेन. म्हणजे दुसरा कुणीतरी माझ्यातून उठेल आणि हात पुसून ते बटण दाबेल, मी फक्त बघेन. कुणी उठलं नाही. पाच वाजून गेल्यावर त्या आत आल्या आणि काठावर बसल्या. "डन म्हणाला होता तो," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या गुडघ्यांना त्रास होत असेल ना अशा कामाने?"

दात काढायला सुई देतात, मग गाल आपला राहत नाही, चावला तरी कळत नाही. तसं आहे माझं त्या दिवसापासून. ते उतरेल म्हणून मी इकडे पळून आलो. अजून उतरलं नाही.

घटस्थापनेला सकाळी आत्याने घट बसवले आणि मला म्हणाली, आता टाक बरं का. मी आंघोळ करून आलो होतो. साइट उघडली. बंद, असं लिहिलेलं होतं. आत्याला दाखवलं. ती म्हणाली, "मग त्यांना मेल करून सांग ना, की पंधरवडा होता." दुसऱ्या दिवशी मी निघालो.

काका, मला वाटतं तुम्ही पासवर्डमुळे थांबलात. मला देताना हसत म्हणाला होतात, कुणाला सांगू नकोस हं, माझी नोकरी जाईल. मे महिन्यात तुम्ही रिटायर होताय, ते मोठं जेवण ठरलंय, नील येणार आहे. कॉलेजचं अकाउंट घरातल्या पोराला दिलं हे सहीनिशी लिहायचं म्हणजे मला कळतं. पण हे लिहिणं तुमच्याच हातात आहे. मी लिहून चालत नाही, मी विचारून बघितलं. प्रमुखाचंच लागतं.

बारा दिवस आहेत.

संग्राम


रेडमंड, २७ ऑक्टोबर २०२५
सोमवार

काका,

तुमचं काही आलं नाही.

आत्याचा फोन आला, भाऊबिजेला, गुरुवारी. बाबांशी बोलून झालं असेल, मग मला लावला. मी कामावर होतो. राऊलने गाणं बंद केलं.

"काय लिहिलंस रे तू काकांना?"

"कुठे काय?"

"खोटं बोलू नकोस. ऑफिसातून आले आणि मला म्हणाले, सुनेत्रा, आठ तारखेला तू त्याला थांबवलंस का? मी म्हटलं हो. चांगल्यासाठी थांबवलं. तेव्हापासून जेवायला बसतात आणि ताट बघत राहतात. पाडव्याचं अभ्यंगसुद्धा केलं नाही. नीलला काय सांगू मी?"

"आत्या, त्यांनी पत्र लिहिलं का फाउंडेशनला?"

"कसलं पत्र? अरे, तू येणार आहेस का नाही? वर्षभरात चाळीस डबे दिले असतील मी त्या पोरीला. मी तिचं वाईट बघेन का? सांग ना. बघेन का मी?"

मी म्हटलं, नाही. ती रडत होती. मग ती म्हणाली फराळाचं पार्सल पाठवलंय, चकली मोडली असेल, आणि ठेवला.

म्हणजे तिसरं पत्र तुम्ही वाचलंय. सगळं तुम्हाला माहीत आहे, आणि तरी तुम्ही लिहिलेलं नाही. मी दोन दिवस वाट बघितली. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसलो आणि लोरेन मॅडमना फोन लावला.

माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. टाईल, इंच, टुमारो. तेवढ्यातच सांगितलं. पत्र माझ्याकडे होतं. पाठवलं नाही. डन मी लिहिलं. पंधरवडा त्यांना कसा सांगायचा ते मला येईना. मी म्हटलं, मेलेल्या माणसांचे पंधरा दिवस असतात, त्यात आम्ही काही चांगलं सुरू करत नाही.

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो म्हटलं.

"आहे मी," म्हणाल्या. "म्हणजे माझं चांगलं व्हावं म्हणून?"

"येस मॅडम."

"जन्मभर लोकांनी माझ्या तोंडावर दारं लावून घेतली, संग्राम. पण माझं चांगलं व्हावं म्हणून हे पहिल्यांदाच." त्या हसल्या असं मला वाटलं. हसल्या नसतीलही.

मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, सॉरी नंतर. मग एकच विचारलं, "चारूला कधी कळलं?"

काका, मी तिथे तारीख सांगू शकत होतो. जिभेवर होती. मी म्हटलं, मी त्यांना तीन पत्रं लिहिलीत, त्यावर तारखा आहेत, ती त्यांच्या ऑफिसात आहेत, ते सांगतील. मला वाटलं, हे तुम्ही सांगावं. माझ्या तोंडून कळू नये.

"लिहिलेलं आहे?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "मला ती हवीत."

"मॅडम, मराठीत आहेत."

"मग तो मला वाचून दाखवेल."

गुरुवारी ३० तारखेला सकाळी दहा वाजता त्या तुमच्या ऑफिसात येणार आहेत. आधी कळवणार नाहीत म्हणाल्या, पण मी कळवतोय. तुम्हाला अचानक गाठावं असं मला वाटत नाही. हे पत्र जास्तीचं टपाल भरून पाठवतोय, बुधवारी पोचेल. तुम्हाला एक दिवस आणि एक रात्र मिळेल.

आधीची तीन पत्रं फाडली नसाल असं धरून चालतो. तुम्ही कागद फाडत नाही. नीलचे पहिलीचे पेपरसुद्धा ठेवलेत तुम्ही. पण फाडली असतील तर हे चौथं आहे, आणि याची मी एक प्रत काढून ठेवली आहे. धमकी नाही. बाथरूममध्ये केलं तसं परत होऊ नये म्हणून.

गुरुवारी दहाला त्या आल्या की त्यांना खुर्ची द्या. तुमच्या समोरची नको, बाजूची द्या, म्हणजे दोघांना कागद दिसेल. मग इथून पुढचं इंग्रजीत वाचा. हे मी त्यांना लिहितोय. सोपं लिहितो, म्हणजे मधलं काही गळायला नको.

लोरेन मॅडम,

काकांनी तुमचं पत्र मनापासून लिहिलं होतं. त्यातलं प्रत्येक वाक्य मी ऐकलंय. आठ सप्टेंबरला त्यांनी ते माझ्याकडे दिलं. माझ्या आत्याने थांबवलं, तुमच्या चांगल्यासाठी. पण शेवटची तारीख मला वाचता येत होती आणि मला ती कळत होती. सोळाला तुम्हाला डन लिहिणारा मी. एकोणीसला तुम्ही बाहेर फोनवर बोलत होतात तेव्हा पत्र माझ्या खिशात होतं. दीड तास होता. मी स्पंज धूत बसलो.

मी हे का केलं ते मला सांगता येत नाही. येईल तेव्हा परत लिहीन. तोवर एवढंच, की तुमची यात काही चूक नाही, आणि हे विभागप्रमुखाने सहीनिशी लिहून द्यायला उद्यापर्यंत वेळ आहे. कॉम्प्युटर काकांच्या समोरच आहे.

काका, इथे थांबायचं. चष्मा काढायचा तर काढा. पुढे एक ओळ आहे. त्याआधी तुम्ही तुमच्या तोंडाने काही सांगणार असाल तर आत्ता सांगा. सांगितलंत, तर पुढची ओळ वाचायची गरज नाही, कागद घडी करून ठेवा आणि लिहायला घ्या. नाही सांगितलंत, तर वाचा. मोठ्याने वाचा.

लोरेन मॅडम, बारा ऑक्टोबरपासून काकांना माहीत आहे.

संग्राम